मीरा मंदावली तेव्हा मी कोठीत होते

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, वय झालं की राग कमी होतो म्हणतात. माझा झालेला नाही.

माझा आरसा लातूरजवळच्या मुरुडच्या सौदामिनीबाईंनी स्वतः घासला. त्या शाळेत विज्ञान शिकवत. काचेवर काच ठेवून घासण्यात त्यांचा सबंध उन्हाळा गेला. स्टँड धम्मदीपने आपल्या वेल्डिंगच्या दुकानात जोडला.

हिवाळ्यात दिवेलागणीनंतर बाई मला शाळेच्या गच्चीवर आणत आणि मुलांना मीरा नावाचा तारा दाखवत. मीरा काही महिने उजळते, मग मंदावते. उजळ असली की नुसत्या डोळ्यांना दिसते. मंदावली की दुर्बीण लागते. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून मुलं तिचं तेज ठरवत. नववीतली साक्षी तर त्यावरून बाईंशी वाद घालायची.

विज्ञान दिनाला संस्थेचे अध्यक्ष हणमंतराव आले. भर दुपारी त्यांनी मला डोळा लावला. माझ्या तोंडावरचं झाकण तसंच होतं.

"वा, तारे फार सुंदर दिसतात," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या. साक्षी हसली.

"त्या पोरीला बाहेर काढा."

"साहेब, झाकण लावलेलं आहे," बाई म्हणाल्या. "ती हसणारच."

संध्याकाळी मला कोठीत टाकून कुलूप लावलं. बाईंनी माफी मागावी, मग चावी मिळेल, असा निरोप आला. कशाची माफी? खरं बोलल्याची? बाईंनी ती मागितली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मीरा मंदावली. मुलं गच्चीवर जमली, हे मी नंतर ऐकलं.

"बाई, इथं तर काहीच न्हाई," साक्षी म्हणाली.

"आहे गं. आपल्याला बघू देत नाहीत."

दहावी झाली आणि साक्षी लातूरला शिकायला गेली.

शेवटी धम्मदीप हणमंतरावांच्या घरी गेला. "आरसा बाईंनी घासला, स्टँड मी जोडला. त्यात शाळेचं काय हाय ते दाखवा. तेवढं कापून तुम्हाला देतो."

चावी मिळाली. पण गळक्या पत्र्याखाली माझा आरसा डागाळला होता. बाई आता त्यावर नवा मुलामा चढवून आणणार आहेत.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, काच जपा, हे तुम्हाला बाई सांगतील. मी एवढंच सांगते: तुमच्या शाळेत अशा कोठीला कुलूप लागलं, तर त्याच दिवशी दारात जाऊन उभे राहा. माझ्या दाराशी यायला मोठ्या माणसांना दोन पावसाळे लागले. तेवढ्यात एक मुलगी शाळा संपवून निघून गेली.