फारशी चालवत नाही

दुर्बीणबाईंची जुनी गाडी भर चौकात बंद पडली. गॅरेजवाल्यानं खाली वाकून पाहिलं, हात पुसले आणि सांगितलं की गिअरबॉक्स गेला आहे, आता हिच्यावर खर्च करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. बाईंना वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. गाडीचं वय झालं होतं. नवल वाटलं ते त्याच संध्याकाळी, जेव्हा मुलाचा फोन आला आणि तो म्हणाला की दुसरी गाडी बघायला मी तुझ्याबरोबर येतो, तू एकटी जाऊ नकोस.

हा मुलगा एका कारखान्यात हिशेब बघायचा. आईच्या घरातला नळ गळतो हे त्याला तीन वेळा सांगावं लागलं होतं, आणि शेवटी नळ बाईंनीच दुरुस्त करून घेतला होता. त्याला एकाएकी आईच्या गाडीसाठी सवड कशी मिळाली?

दुर्बीणबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत त्यांनी उभी नोकरी दावे तपासण्यात काढली. जळालेली दुकानं, चोरीला गेलेला माल, घसरलेल्या मोटारसायकली आणि त्या सगळ्यांमागे उभी राहून खरं-खोटं सांगणारी माणसं. सहकारी पाठीमागे त्यांना दुर्बीणबाई म्हणत. निरोपाच्या भाषणात साहेबांच्या तोंडून ते नाव निसटलं तेव्हा सगळे चपापले, बाई तेवढ्या हसल्या. त्यांना ते कधीचंच ठाऊक होतं. नोकरी सुटली, पण संशय घेण्याची सवय काही कार्यालयात जमा करता आली नाही. फुकट मिळालेल्या वस्तूकडे त्या दोनदा बघायच्या आणि फुकट मिळालेल्या मदतीकडे चारदा.

शनिवारी मुलगा आला तो एकटा नव्हता. बरोबर एक किडकिडीत, पन्नाशीचा माणूस होता. मित्राच्या ओळखीतले आहेत, गाड्यांमधलं यांना बरंच कळतं, असं मुलानं सांगितलं, आणि सांगताना तो आईकडे न बघता चपला ठेवायच्या फळीकडे बघत होता. बाईंनी त्या माणसाला मनातल्या मनात सल्लागार हे नाव दिलं. त्याला चहा देताना त्यांना दिसलं की त्याचा डावा हात उन्हानं रापलाय, उजवा मात्र तेवढा नाही. गाडी चालवणाऱ्यांचा खिडकीकडचा हात, म्हणजे उजवा, काळवंडतो. याचा उलटाच. हे काय कोडं आहे ते त्यांना उलगडलं नाही, पण त्यांनी ते लक्षात ठेवलं.

तिघं जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या यार्डात गेले. पत्र्याच्या छपराखाली गाड्या ओळीनं उभ्या होत्या, धुऊन पुसून चकचकीत, जणू लग्नाच्या बोलणीला बसवल्यात. यार्डवाला गोड बोलणारा होता. त्यानं आधी एक मोठी डिझेल गाडी दाखवली. एवढ्या किमतीत एवढी गाडी शोधून सापडणार नाही, वर डिझेल स्वस्त, असं त्याचं म्हणणं. मग एक बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी, जवळजवळ नवी. तिची किंमत ऐकून बाईंनी नुसती मान हलवली.

सल्लागारानं विचारलं की तुम्ही गाडी किती आणि कुठं चालवता.

"मी फारशी चालवत नाही," बाई म्हणाल्या. वाचनालय, पोहण्याचा तलाव, भाजी, आणि रविवारी धाकट्या बहिणीकडे. बाकी गाडी दारात उभी. ही गोष्ट त्या नेहमी थोड्या अभिमानानं सांगत, उधळेपणा नसलेल्या माणसानं सांगावी तशी.

सल्लागार म्हणाला की मग डिझेलच्या नादी लागू नका. एवढ्याशा फेऱ्यांत ते इंजिन नीट तापतही नाही, आत काजळी धरते, आणि तेलात वाचवलेलं सगळं गॅरेजात जातं. ती दोन इंधनांची गाडी भरपूर फिरणाऱ्याला परवडते. तुमच्या दारात ती पांढरा हत्ती होऊन बसेल. कोपऱ्यातल्या छोट्या, साध्या पेट्रोल गाडीकडे त्यानं बोट दाखवलं. एकाच मालकाची, विम्याचा हप्ता कमी, सुटे भाग कुठंही मिळतात.

सल्ला चोख होता. नेमकं तेच बाईंना खटकलं. यार्डातली सगळ्यात स्वस्त गाडी पुढे करून या माणसाला मिळणार काय? कुणाच्या भल्याचं बोलणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता असं नाही, पण तो शनिवारची सुट्टी मोडून अनोळखी बाईबरोबर पत्र्याखाली घामाघूम होत उभा राहत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी गाडी चालवून पाहिली. सल्लागार शेजारी बसला, मुलगा मागे. सल्लागारानं त्यांना अरुंद गल्लीत नेलं, चढावर थांबवलं, मागे घ्यायला लावलं, दोन गाड्यांच्या मध्ये उभी करायला लावली. गाडी सगळीकडून बघून घ्यावी, असं तो म्हणाला. पण बाईंच्या लक्षात आलं की तो इंजिनाचा आवाज ऐकत नाहीये. तो त्यांच्याच हातांकडे बघतोय.

सोमवारी बाईंनी कुणालाही न सांगता आपल्या गॅरेजवाल्याला यार्डात पाठवलं. त्यांना खात्री होती की गाडी कुठंतरी पाण्यात बुडालेली किंवा ठोकून सरळ केलेली निघणार. गॅरेजवाल्याचा निरोप आला की गाडी निर्मळ आहे, डोळे झाकून घ्या. मग बाईंनी यार्डवाल्यालाच बोलता बोलता चाचपलं. त्यानं उलट त्यांच्यापुढेच कुरकुर केली की तुमच्याबरोबरचे ते गृहस्थ माझ्या मोठ्या गाडीचा सौदा हाणून पाडून गेले, मी तर त्यांना ओळखतही नाही.

म्हणजे दलालीचा मामला नव्हता. मग उरला मुलगाच.

त्या बुधवारी बाई मुलाकडे जेवायला गेल्या. सून नेहमीपेक्षा जास्त प्रेमानं वाढत होती आणि वाढता वाढता म्हणाली की आई, हल्ली टॅक्सी किती सोयीची झालीय नाही, तुमच्या फिरण्याचा हिशेब केला तर गाडीपेक्षा स्वस्तच पडेल. मुलानं तिच्याकडे एकदम पाहिलं आणि ती गप्प झाली. जेवणानंतर तो फोन घेऊन गॅलरीत गेला. बाई हात धुवायला उठल्या होत्या. दार पुरतं लागलं नव्हतं.

"नाही, तिला अजून काही कळलेलं नाही," तो हळू आवाजात म्हणत होता. "उद्या संध्याकाळी नेऊ. दिवेलागणीलाच बघायचंय ना आपल्याला."

बाई परत येऊन खुर्चीत बसल्या. पोटच्या पोरावर संशय घेणं वाईट, हे त्यांना कळत होतं. पण आयुष्यात त्यांनी भावांना भावांची दुकानं जाळताना पाहिलं होतं. घरी परतताना टॅक्सीत त्यांनी सगळ्या शक्यता तपासल्या. गाडी नको, मग एकटीनं राहणं नको, मग हे घर विकून टाकू. एकदा धागा हाती लागला की कापड उसवायला वेळ लागत नाही. रात्री त्यांना नीट झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी उजेड उतरत असताना त्या पुन्हा त्या छोट्या गाडीत बसल्या. सल्लागार म्हणाला की दिवे कसे पडतात ते बघून घेऊ. मुलाला कारखान्यातून सुटायला उशीर झाला होता, म्हणून गाडीत दोघंच. बाईंनी ठरवलं होतं की आज रस्त्याकडे एक डोळा ठेवायचा आणि या माणसाकडे दुसरा.

तलावाजवळच्या वळणावर त्यांना त्याचा पाय दिसला. समोर काहीच नसलेल्या जागी तो पायानं खालची चटई दाबत होता. पुढच्या चौकात पुन्हा तेच. तिथं ना ब्रेक होता ना काही, पण पाय मात्र पक्का ठाऊक असल्यासारखा त्याच जागी जात होता. बाईंनी वळण छान घेतलं तेव्हा तो पुटपुटला, "शाबास." आणि मग जीभ चावल्यासारखा खिडकीबाहेर बघू लागला.

सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबली. तिच्या टपावर मोटार प्रशिक्षणाची पाटी होती. आतल्या तरुणानं काच खाली केली आणि आदबीनं विचारलं, "सर, आज आपली गाडी नाही?"

सल्लागारानं नुसती मान हलवली. दिवा हिरवा झाला. बाईंनी सिग्नल ओलांडला, डावीकडे इशारा दिला, बागेच्या कुंपणालगत गाडी व्यवस्थित उभी केली आणि इंजिन बंद केलं. तो रापलेला डावा हात आता त्यांना कळला. शिकवणारा माणूस जन्मभर शेजारच्याच खिडकीत बसतो.

"माझ्या मुलानं तुम्हाला काय काम सांगितलंय?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. दावा खोटा निघाला की त्या अशाच शांत होत.

त्यानं सगळं सांगून टाकलं. तो मोटार चालवायला शिकवत असे. तुम्ही अजून सुरक्षित चालवता का ते पाहायचं आणि मुलाला सांगायचं, एवढंच काम होतं. चोरून करायला त्याचं मन घेत नव्हतं, पण मुलगा म्हणाला होता की सरळ विचारलं तर आई दारातूनच परत पाठवेल. गाडीबद्दल जे बोललो ते मात्र मनापासूनच बोललो, असं त्यानं खाली बघत सांगितलं.

"बरं. मग निकाल काय?"

"हात उत्तम आहे, मॅडम. घाई नाही, अंदाज पक्का. शनिवारी दिवसा मी मुलाला म्हणालो होतो की तुमच्या आईंना माझ्याकडे शिकवायला ठेवीन." तो थांबला. "पण आत्ता तलावाजवळ डाव्या बाजूनं एक सायकलवाला आला. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत."

बाई म्हणाल्या की तिथं सायकलवाला नव्हताच. तो काही बोलला नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्यावर बाईंचा विश्वास बसला. खोटं बोलणारा माणूस इथं गप्प बसत नाही, पुरावे देत सुटतो.

गाडी यार्डापर्यंत त्यानंच परत नेली. बाई शेजारी बसून होत्या. त्यांना आठवत गेलं. आधी त्यांनी रात्रीची गाडी काढणं सोडलं, समोरच्या दिव्यांचा त्रास होतो म्हणून. मग पावसातली. मग बहिणीकडे रात्री जेवून निघण्याऐवजी दुपारचा चहा घेऊन निघायला लागल्या. दर वेळी कारण वेगळं आणि दर वेळी पटण्यासारखं. मी फारशी चालवत नाही, हे त्या कौतुकानं सांगत राहिल्या. असा कबुलीजबाब कुणी टेबलापलीकडून दिला असता, तर त्यांनी दुसऱ्याच वाक्याला पकडलं असतं.

मुलगा रात्री घरी आला. सल्लागारानं त्याला फोनवर कळवलं असावं, कारण तो दारातच उभा राहिला, शाळेतून तक्रार घेऊन आल्यासारखा. बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि विचारलं की मला तोंडावर का नाही विचारलंस.

"मागं एका रविवारी मावशीकडून येत होतो आपण. निघायला उशीर झाला होता, दिवेलागण झाली होती. तू तिच्या मांजराची गोष्ट सांगत होतीस. डावीकडून एक माणूस रस्ता ओलांडायला उतरला होता. त्यानं मागे उडी मारली म्हणून वाचला. तुला तो दिसलाच नाही आई. तू गोष्ट सांगतच राहिलीस, आणि मी हसत राहिलो."

बाईंना ती संध्याकाळ चांगली आठवत होती. मुलगा इतक्या दिवसांनी मोकळा हसला म्हणून त्या दोन दिवस खुशीत होत्या. त्या उठल्या, उगाचच स्वयंपाकघरात गेल्या, पाण्याचा पेला भरला आणि न पिता ओट्यावर ठेवला. तो रस्त्यावरचा माणूस कोण असेल, घरी जाऊन त्यानं काय सांगितलं असेल, हे कधीच कळणार नव्हतं.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, "तू मला फसवलंस याचा राग आहे, आणि तो लवकर जाणार नाही. पण सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे येशील का माझ्याबरोबर?"

तो येतो म्हणाला. नंतर बाईंनी घराबद्दलचा आपला संशय बोलून दाखवला तेव्हा सून म्हणाली की टॅक्सीची कल्पना तिचीच होती, घर विकण्याचा वगैरे विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. बाईंनी ते ऐकून घेतलं. अर्धं मानलं, उरलेलं अर्धं मानायला त्यांना काही दिवस लागले.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकलेला निघाला. उजवा डोळा बिचारा दोघांचं काम ओढत होता, म्हणून त्यांना पत्ता लागला नाही, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर बाईंना घराच्या भिंती किती मळल्यात ते दिसलं, आणि त्यांनी आधी रंगाऱ्याला बोलावलं.

ती छोटी पेट्रोल गाडी यार्डात अजून होती. स्वस्त मालाला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, त्यालाही संशय येतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाईंनी तीच घेतली. मग सल्लागाराला स्वतः फोन करून काही संध्याकाळी शेजारी बसवलं, आणि या वेळी त्याची फी स्वतः दिली. त्याचा पाय चटईवर स्वस्थ राहायला लागला तेव्हा त्यांनी शिकवणी थांबवली.

पुढच्या रविवारी त्यांनी मुलाला बहिणीकडे नेलं, आणि मुद्दाम अंधार पडेपर्यंत थांबल्या. परतताना रस्त्यावरचे दिवे एकेक करून येत होते, कडा स्वच्छ, डोळ्यात न पसरणारे. डावीकडून एक बाई पिशवी सांभाळत उतरली. दुर्बीणबाईंनी तिला लांबूनच पाहिलं आणि गाडी थांबवून जाऊ दिलं. हे मुलानं पाहिलं की नाही, म्हणून त्यांनी शेजारी नजर टाकली.

त्याचं डोकं खिडकीला टेकलं होतं आणि डोळे मिटले होते. बाईंनी त्याचा श्वास ऐकला. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, आणि हे सोंगही असू शकतं, त्यांना बरं वाटावं म्हणून घेतलेलं. पुढच्या चौकापर्यंत त्या ते पारखत राहिल्या. मग त्याच्या तोंडातून बारीक घोरण्याचा आवाज आला, आणि त्यांनी आपल्या बाजूची काच थोडी वर केली, म्हणजे त्याला वारा लागणार नाही.