टेबलाची पुढची कड

बायको गेल्यापासून पेनवाल्याच्या घरात आवाज करणारं असं एक लाकडी पेनं घडवायचं लेथ मशीन तेवढं उरलं होतं. मुलगी परगावी. महिन्यातून एकदा फोन. जेवलात का, तब्येत सांभाळा, संपलं. त्यामुळे या खेपेला तिने आपणहून काही मागितलं तेव्हा म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. आई ज्यावर गाद्यांच्या खोळी शिवायची ते टेबल मोडीत काढण्याआधी त्याच्या पुढच्या कडेचं एक पेन करून द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

त्याने कडेचा तुकडा कापला आणि कपाळाला हात लावला. सगळी भोकंच भोकं. कीड, दुसरं काय! दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्याने तो फेकून दिला असता. पण पोरीसमोर हात टेकणाऱ्यातला तो नव्हता. तुकडा लेथवर गोल केला, त्याच लाकडाचा भुसा एकेका भोकात काडीने ठासला आणि वर पातळ गोंदाचा थेंब सोडला. वाळलं की घासायचं, खड्डा दिसला की पुन्हा भुसा, पुन्हा थेंब. बोटं चिकटली, गोंदाच्या उग्र वाफेने डोळ्यांतून पाणी आलं, तीन दिवस गडी तहानभूक विसरला. चौथ्या दिवशी पेन असं गुळगुळीत झालं की नखालाही काही लागेना. इतका खूश तो कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मुलगी आली. तिने पेन हातात घेतलं, फिरवून फिरवून अंगठ्याने चाचपलं. पेनवाला कौतुकाची वाट बघत उभा.

"भोकं कुठे गेली, बाबा?"

"भरली. किडीने पार चाळण केली होती."

"कीड नव्हती ती." तिने पेनावरून पुन्हा अंगठा फिरवला. "मी शाळेतून आले की आई हातातला दाभण त्या कडेत खुपसायची आणि उठायची. खोळ अर्धी शिवलेली असली तरी."

भरलेला गोंद आता निघणार नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? उरलेली कड देतो म्हणावं, तर टेबल कालच भंगारवाल्याने नेलं होतं. मुलीने पेन पर्समध्ये ठेवलं. छान झालंय म्हणाली, आणि ते खोटं त्याला फार लागलं.

ती गेल्यावर तो टेबलाच्या रिकाम्या जागी खुर्ची ओढून बसला. याच खोलीत तीस वर्षं तो लेथकडे तोंड करून उभा होता आणि पाठीमागे बायको शिवत होती. आपण घरात आल्यावर तिने कधी दाभण खुपसला होता का, हे त्याला काही केल्या आठवेना.