सार्जंटच्या बायकोची खुर्ची

मित्रांनो, मला भंगारात टाकलं असतं तर सार्जंट एमरी टॉलिव्हरचा निव्वळ फायदा होता. लष्करात बदली झाली की घरचं सामान किती वजनाचं न्यायचं ते हुद्द्यावर ठरतं. वरच्या वजनाचा भुर्दंड स्वतःच्या खिशाला. मी कटले असते तर माझ्या जागी त्याची मांस भाजायची लोखंडी भट्टी आरामात बसली असती. त्या भट्टीवर त्याचा जीव. आणि माझ्यावर? माझ्यावर त्याच्या बायकोचा, निदान एके काळी.

मी केस कापायची जुनी खुर्ची आहे. पायाशी असलेली दांडी दाबली की वर जाते, कुरकुरत का होईना. टेक्ससमधल्या एका बंद पडलेल्या पार्लरातून नेडीनने, म्हणजे सार्जंटच्या बायकोने, मला आणलं. तेव्हा समोरच्या आरशापाशी तिचं केस कापायचं सरकारी लायसन्स चौकटीत टांगलेलं असायचं. "नेडीन, तुझ्या खुर्चीत बसलं की झोपच येते गं," असं बायका म्हणत, आणि खरंच घोरत. ती स्तुती मी अजून जपून ठेवली आहे.

मग बदली झाली. नवं राज्य म्हणालं, टेक्ससचं लायसन्स इथे चालत नाही. आमच्याकडे शिकायचे तास जास्त, ते भरा. इतकी वर्षं कात्री चालवलेली बाई पोरीसोरींच्या रांगेत बसून डोकं कसं धुवावं ते पुन्हा शिकली. नवं लायसन्स हातात पडलं आणि लगोलग पुढच्या बदलीचा हुकूमही. तिसऱ्या राज्यात तिने अर्जच केला नाही. मी गॅरेजमध्ये गेले. अंगावर आधी धुवायचे कपडे आले, मग रंगाचे डबे, शेवटी नाताळचं झाड. दांडी गंजली. वाटलं, संपलं आपलं.

पुन्हा बदली, या वेळी चौथ्या राज्यात, टकोमाला. सामान बांधणारा ओर्विल गॅरेजमध्ये आला.

"मॅडम, ही खुर्ची?"

"जुनं फर्निचर आहे. ठेवा रस्त्याच्या कडेला."

"कामाचं सामान आहे ते," मागून सार्जंट म्हणाला.

"कुणाचं काम, सार्जंटसाहेब? तुमच्या बदल्यांनी कधीच खाल्लं ते."

"मी टकोमाच्या लायसन्स ऑफिसात फोन केला होता. जुनं लायसन्स, बदलीचा हुकूम आणि लग्नाचा दाखला दिला की आता पुन्हा शिकायला बसवत नाहीत. फक्त जुनं लायसन्स चालू हवं." त्याचा आवाज खाली आला. "टेक्ससचं तू सोडून दिलंस ना?"

नेडीन रंगाच्या डब्याचं घट्ट झाकण उगाच दाबत राहिली. "नाही सोडलं. दर वेळी मुदत वाढवत आले."

"मला बोलली नाहीस?"

"तू हसला असतास."

तो हसला नाही. "मग ही येतेय. वजनाची काळजी नको. भट्टी काल शेजारच्या लायलला देऊन टाकली."

ओर्विलने डोकं खाजवलं. "साहेब, बायकोच्या कामाचं सामान घरच्या वजनात धरत नाहीत. त्याला वेगळी चिठ्ठी लावतो आम्ही. दोन्ही गेलं असतं की!"

सार्जंट धावतच कुंपणापाशी गेला. पलीकडे धूर निघाला होता.

"एमरी, जेवायलाच ये!" लायल ओरडला. "डुकराचा खांदा चढवलाय, मस्त!"

पेटलेली भट्टी कोण बांधणार?

"अख्ख्या पलटणीचं सामान हलवतो म्हणे," नेडीन हसता हसता माझ्यातच कोसळली, "आणि स्वतःची भट्टी शेजाऱ्याला!" हसणं थांबलं तरी ती उठली नाही. तिचं वजन मी ओळखलं. बऱ्याच दिवसांनी अंगावर डबा नव्हता, माणूस होतं.

टकोमाला कागद मान्य झाले. चौकट पुन्हा आरशापाशी आली, माझ्या दांडीला तेल मिळालं. मित्रांनो, एकच मागणं आहे. घरातल्या कुणाचं कसब कोपऱ्यात पडलेलं दिसलं तर त्यावर डबे रचू नका. तेलाचा एक थेंब सोडा.

पहिलं गिऱ्हाईक सार्जंटच. कापून झाल्यावर मान झटकत म्हणाला, "नवऱ्याला किती?"

"सगळ्यांना तितकेच. वर बक्षिसी देणार असाल तर नाही म्हणणार नाही."

आजवर प्रत्येक बदलीची पावती नेडीनच्या नावावर फाटत आली होती. ही पहिलीच त्याने भरली: एक भट्टी, केस कापायचे पैसे आणि वर बक्षिसी. जेवला मात्र लायल.