नळी वाकडी नव्हती

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे, आणि माझी नळी वाकडी नाही. मित्रांनो, पुढचे काही वाचण्याआधी हे वाक्य लक्षात ठेवा. चार वर्षे माझ्याबद्दल नेमके याच्या उलट बोलले गेले. ते मी विसरलेले नाही.

माझा जन्म एकोणीसशे एक्याण्णवचा. कारखान्यातून बाहेर पडताना एका तपासनिसाने माझ्या नळीतून दिव्याकडे पाहिले, मान डोलावली आणि शिक्का मारला. ओहायोच्या टेकड्यांमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून मला अल्विस हॅगरने घरी नेले. तो कोळशाच्या खाणीत कामाला होता. बोलायचा कमी आणि धुवायचा फार. शिकारीहून आल्यावर जेवायच्या आधी तो गरम पाण्याने आणि साबणाने माझी नळी धूत असे. बायको ओरडायची, "ताटं कुठं ठेवू? टेबलावर बंदूक आंघोळ करतेय!" तो धूतच राहायचा.

ठासणीच्या बंदुकीत सगळे पुढून भरावे लागते. आधी दारू, मग तिच्यावर गोळी, आणि ती गोळी लांब गजाने तळापर्यंत सारायची. गोळी दारूवर नेमकी टेकली पाहिजे. मध्येच अडकून राहिली तर नळी फुटू शकते. गजाने ठोकून ठोकून बसवली तर ती स्वतः चेपते, खालची दारू चिरडते आणि मग वाट्टेल तिकडे जाते. म्हणून अल्विसने पहिल्याच दिवशी गोळी हलकेच टेकवली आणि नळीच्या तोंडाशी, पितळी गजावर, कानशीने एक खाच पाडली. खाच तोंडाशी आली की थांबायचे. माझ्या अंगावर त्याने लिहिलेली तेवढीच ओळ.

बावीस वर्षे, दर जानेवारीत, मी त्याच्याबरोबर रानात गेले. आमच्याकडे ठासणीच्या बंदुकांसाठी जानेवारीत चार दिवस राखलेले असतात. अल्विस वर्षाला एक गोळी झाडायचा, फार तर दोन. "ही बोलत नाही," तो माझ्याबद्दल म्हणायचा, "पण खोटंही बोलत नाही." माझे कौतुक एवढेच झाले. मला पुरले.

तो गेल्यावर मी त्याच्या मुलाकडे आले. व्हर्लिन हॅगर, वय चोपन्न, लाकडाच्या गिरणीत करवत चालवणारा. त्याने एकाच दुपारी माझ्यात तीन सुधारणा केल्या. वर दुर्बीण बसवली. मोकळ्या दारूऐवजी दाबून केलेल्या दारूच्या वड्या आणल्या. वडिलांच्या शिशाच्या आखूड गोळ्या डब्यात टाकून तांब्याच्या टोकदार, लांब गोळ्या घेतल्या. तीन गोष्टी एकदम बदलल्या, आणि मग नेम चुकला तेव्हा कोणत्या गोष्टीने चुकला हे कळायला मार्ग उरला नाही. हे त्याला कळले नाही. मला कळत होते, पण मला कोण विचारतो?

नेम चुकला की तो दुर्बिणीची चकती फिरवायचा. गोळी डावीकडे गेली, चकती उजवीकडे. पुढची खाली गेली, चकती वर. कुत्रा स्वतःच्या शेपटीमागे फिरतो तसा तो प्रत्येक भोकामागे फिरत होता. शेवटी थकून म्हणायचा, "नळीच वाकडी आहे हिची." मग मला तशीच काळी, न धुता, कोपऱ्यात उभी करायचा. एका वर्षी मला मार्चपर्यंत पाणी दिसले नाही. माझ्या तळाशी गंज चढला तो तेव्हाचा.

त्याचा मेहुणा लायल याने तर माझे भवितव्यही ठरवून टाकले होते. "मला दे," तो म्हणायचा. "नळीतून वायर ओवतो, वर छत्री बसवतो. तळघरात माझ्या खुर्चीशेजारी झकास दिवा होईल."

मागच्या जानेवारीत व्हर्लिनने माझ्यातून एका हरिणीवर गोळी झाडली. नेम खांद्यामागे धरला होता. गोळी जबड्याला लागली. ती पळाली. त्याने संध्याकाळपर्यंत शोधली, सापडली नाही. घरी येऊन बायकोला म्हणाला, "बंदुकीनं दगा दिला."

ती हरिणी दहाव्या दिवशी इमोजीन टॅकेट यांच्या तळ्याकाठी सापडली. तोंड मिटत नव्हते, चारा खाता येत नव्हता, बरगड्या मोजता येत होत्या. वनरक्षकाला बोलावून तिला संपवावे लागले. गोळी त्याने घातली, पण तो येईपर्यंतचा तास इमोजीनबाई तिच्यासमोर उभ्या होत्या.

रान त्यांचे होते. ऐंशी एकर, ओक आणि हिकरीच्या झाडांचे. आजूबाजूच्या सगळ्या टेकड्या शहरातल्या शिकाऱ्यांनी भाड्याने घेतलेल्या. हॅगर कुटुंबाला पाय ठेवायला तेवढी एकच जागा उरली होती, तीही बाईंच्या शब्दावर. व्हर्लिनच्या घरी वर्षभर शिजणारे मांस तिथलेच. आणि वडिलांबरोबर तो आयुष्यात जेवढा चालला होता, तेही तिथेच.

यंदा हंगामाच्या तीन दिवस आधी बाईंनी त्याला फाटकाशी अडवले. वय चौऱ्याहत्तर. पंपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षे मापे तपासलेली बाई. त्यांनी मला पाहिले, मग त्याला.

"शंभर यार्डांवर खाण्याची कागदी थाळी लावते. तीन गोळ्या थाळीत पडल्या तर शनिवारी रानात जा. नाही पडल्या तर हे फाटक तुला पुन्हा उघडणार नाही."

"मिस इमोजीन, डॅडी असल्यापासून आम्ही..."

"तुझ्या डॅडीनं मला मरणारं जनावर बघायला लावलं नव्हतं."

तर मित्रांनो, पणाला हे लागले होते. त्याचे रान गेले तर माझा दिवा होणार, हेही उघड होते.

गुरुवारी सकाळी बाईंच्या कुरणात लाकडी टेबल मांडले. बाई उपड्या बादलीवर वही घेऊन बसल्या. थर्मासमधली कॉफी त्यांनी स्वतःपुरती ओतली. लायल न बोलावता आला आणि ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खाऊ लागला.

"तू कशाला आलास?" बाईंनी विचारले.

"दिव्याचं माप घ्यायला."

पहिल्या तीन गोळ्या. एक थाळीच्या डाव्या कडेला, एक खाली, एक थाळीबाहेर गवतात. व्हर्लिनचा हात सवयीने चकतीकडे गेला.

"हात काढ."

"दुर्बीणच सरकलीय, मिस इमोजीन."

"मागच्या वर्षी बंदूक होती. त्याच्या आधी वारा होता. यंदा दुर्बीण. पुढच्या वर्षी काय, चंद्र?" त्या उठल्या, खिशातून पेचकस काढला आणि दुर्बिणीच्या कड्यांचा एकेक स्क्रू दाबून पाहिला. सगळे घट्ट होते. "दुर्बीण जागेवर आहे. आता मी सांगेपर्यंत हिला बोट लावायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

नळी पुसण्याची त्याची रीत त्यांनी आधी पाहून घेतली होती. तो एकदा पुसायचा, दोनदा विसरायचा. पुसताना चिंधीवर तंबाखूची पिंक टाकायचा. बाईंनी ती चिंधी दोन बोटांत धरून लांब फेकली. आता प्रत्येक गोळीनंतर एक ओली चिंधी, एक कोरडी, आणि मग दहा मिनिटे थांबायचे, नळी गार होऊ द्यायची. मला चार वर्षांत कोणी इतके नीट वागवले नव्हते. तरीही सांगते, त्या बाईंच्या हाताला प्रेम नव्हते. त्या माप घेत होत्या.

पुढच्या तीन. दोन थाळीत, एक बाहेर.

"बघा, सुधारलं," व्हर्लिन म्हणाला.

"तिसरी हरिणीला कुठं लागली असती ते सांग."

लायल म्हणाला, "छत्री मी बघून ठेवलीय. पिवळी. झालरवाली."

त्यानंतरच्या तीन गोळ्यांना बाई थाळीकडे बघतच नव्हत्या. त्या व्हर्लिनच्या हातांकडे बघत होत्या. गोळी खाली गेल्यावर तो गज उचलून आपटायचा. ठक, ठक, ठक. खाच नळीच्या तोंडाशी येईपर्यंत. बाई वहीत आकडे लिहीत होत्या. पहिल्या गोळीला पाच घाव. दुसरीला बारा. तिसरीला सहा. पहिली आणि तिसरी थाळीत होत्या. बारा घावांची गवतात.

"एवढं का ठोकतोस?"

"खाच वर राहते. खाली यायला नको? डॅडीची खाच आहे ती."

"डॅडीच्या गोळ्या आहेत तुझ्याकडे?"

त्याने ट्रकमधून तो जुना डबा आणला. बाईंनी एक शिशाची आखूड गोळी आणि एक तांब्याची लांब गोळी टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या. लांब गोळी आखूड गोळीपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढी जास्त उंच होती. व्हर्लिन बघत राहिला. लायलचे चावणे थांबले.

"तुझी गोळी टेकली की गज एवढा वरच राहणार," बाई म्हणाल्या. "तू मात्र वडिलांच्या खाचेपर्यंत ठोकतोस. कधी वडी चिरडते, कधी गोळी चेपते. दर वेळी वेगळी. नळी बिचारी काय करेल?"

बिचारी. मला तो शब्द आवडला नाही, पण चार वर्षांत माझ्या बाजूने बोलला गेलेला तो पहिला होता.

त्याने नळी पुसली, वड्या सोडल्या, गोळी एका दाबात हलकेच टेकवली. एकही घाव नाही. बाईंनी कोटाच्या खिशातून लाल नखपॉलिशची बाटली काढली.

"नटायला नाही आणलं," त्या लायलकडे न बघता म्हणाल्या. "तपासलेल्या स्क्रूवर ठिपका द्यायचो आम्ही." आणि नळीच्या तोंडाशी गजावर लाल रेघ ओढली. "आता ती जुनी खाच घासून टाक. घरात कानस आहे."

"नाही."

"दोन खुणा ठेवशील तर एक दिवस चुकशील."

"चुकणार नाही. ती खाच राहू द्या."

बाईंनी वही मिटली. "गज तुझा आहे. रान माझं आहे."

पुढच्या तीन गोळ्या लाल रेघेवर भरल्या. तिन्ही भोके कॉफीच्या मगाच्या बुडाखाली झाकली गेली असती. फक्त थाळीच्या मध्यापासून चार बोटे वर आणि डावीकडे. तेव्हा बाई म्हणाल्या, "आता फिरव चकती." त्याने फिरवली. नंतरच्या तिन्ही थाळीच्या मधोमध बसल्या.

लायल फळीवरून उतरला. "मग दिवा?" त्याने विचारले. बाईंनी थर्मासचे झाकण लावले.

माझी माफी कोणी मागितली असे तुम्हाला वाटेल. नाही. व्हर्लिन म्हणाला, "गोळ्यांचा घोळ होता." त्याच्या तोंडी आता गोळ्या गुन्हेगार झाल्या होत्या.

शनिवारी पहाटे तो मला घेऊन ओकच्या उतारावर चढला. थंडी अशी की त्याच्या दाढीवर दहिवर जमले होते. अंधुक उजेडात, जाड हातमोजे घालून त्याने मला भरले. लाल रेघ दिसत नव्हती. अंगठ्याला खाच लागली. त्याच्या मनगटाला चार वर्षांची सवय होती. ठक, ठक, ठक, ठक. मी मोजत होते. नऊ.

उजाडल्यावर हरिणी आली. चाळीस यार्डांवर, आडवी, मान खाली, ओकची फळे शोधत. व्हर्लिनने मला खांद्याला लावले. दुर्बिणीत तिचा खांदा भरून आला. अंगठ्याने सुरक्षेची कळ सरकवली. मग तो थांबला. कळ पुन्हा लावली, मला अगदी हळू खाली घेतले, हातमोजा दातांनी काढला, गज पुन्हा नळीत सोडला आणि तोंडाशी वाकून पाहिले. लाल रेघ कुठेच नव्हती. ती नळीच्या आत बुडाली होती.

गोळी कशी बसली आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. कदाचित ती सरळ गेली असती.

हरिणीने मान वर केली. त्याच्याकडे पाहिले. तो हलला नाही. ती चालत, अगदी सावकाश, उतार ओलांडून निघून गेली.

भरलेली ठासणीची बंदूक रिकामी करण्याचा त्याच्याजवळ एकच सोपा मार्ग होता. तो ओढ्याच्या दरडीकडे गेला आणि गोळी मातीत झाडली. आवाज खोऱ्यातून गेला. दहा मिनिटांत इमोजीनबाई रबरी बुटांत, नाइटगाउनवर कोट चढवून, काठी टेकत आल्या. चेहरा गुरुवारचाच.

"कुठं लागली?"

"मातीत."

"म्हणजे पुन्हा चुकलास."

"हरिणी चाळीस यार्डांवर होती, मिस इमोजीन. झाडली नाही. खाचेपर्यंत ठोकली होती, लाल रेघ आत गेली. मी ठोकली. बंदुकीचं काही नाही त्यात."

मित्रांनो, हे वाक्य मी चार वर्षे वाट पाहून ऐकले. त्याने ते मला उद्देशून म्हटले नव्हते, तरी मी ते घेतले.

बाईंनी गज हातात घेतला, दोन्ही खुणा पाहिल्या आणि परत दिला.

"कानस आहे म्हणाला होतात," व्हर्लिन म्हणाला.

ती त्यांच्या कोटाच्या खिशातच होती. त्याने एका ओंडक्यावर गज टेकवला आणि वडिलांची खाच घासली. पितळेचा भुगा बर्फावर पडला, सोनेरी, चिमूटभर. अल्विसची ओळ माझ्या अंगावरून गेली. मला ते बरे वाटले असे मी म्हणणार नाही. पण त्याची खाच त्याच्या गोळीसाठी होती, आणि ती गोळी आता डब्यात आहे.

बाई परत निघाल्या. चार पावलांवर थांबून मागे न बघता म्हणाल्या, "अजून साडेतीन दिवस आहेत. जाताना फाटक लाव."

त्या संध्याकाळी जेवायच्या आधी मला गरम पाणी मिळाले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी वस्तू असेल जी हल्ली नीट चालत नाही. तिला फेकायचे असेल तर फेका. मी दयेची भीक मागत नाही. पण त्याआधी शांत बसा, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, आणि तिला वाकडी म्हणण्याआधी स्वतः किती घाव घातले ते मोजा. आम्हाला तोंड नसते म्हणून आम्ही गप्प असतो. मोजत मात्र असतो.