ठसका

विजयमालाबाईंनी मुठीत मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन नातीवरून एकदा ओवाळलं, दुसऱ्यांदा हात फिरवणार तोच मोहनाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, बोटं उलगडून मिरच्या काढून घेतल्या आणि खिडकीबाहेर भिरकावल्या. मीठ-मोहरी सतरंजीवर सांडली.

विहीण झाली म्हणून काय झालं! मकरपुऱ्याच्या या घरात विजयमालाबाईंचा हात धरायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती, खुद्द त्यांच्या यजमानांचीसुद्धा. आणि उद्यावर बारसं आलेलं.

"हे काय आरंभलंय तुम्ही?" त्या कडाडल्या. "नातीची दृष्ट काढू देत नाही?"

"दृष्ट काढा. मिरच्या नकोत."

"मिरच्यांवाचून कसली आलीय दृष्ट?"

मोहनाबाई निखाऱ्यांची शेगडी उचलून गॅलरीत ठेवून आल्या, दार लावून घेतलं आणि दाराखालच्या फटीशी पायपुसणं सारलं. संयोगिता बाळाला छातीशी धरून आईकडे आणि सासूकडे आळीपाळीने पाहत राहिली. तिचा नवरा वरद मोबाइल खिशात टाकून उठून उभा राहिला.

विजयमालाबाईंच्या मनात अढी आधीपासूनच होती. दवाखान्यात पोर हातात येते न येते तोच या बाईंनी तिच्या कानाशी 'सानवी, सानवी' सुरू केलं होतं. अहो, बारशाआधी नाव घेऊ नये, एवढं कोणालाही कळतं! गोडीत सांगून पाहिलं, चार माणसांत टोकून पाहिलं. ढिम्म परिणाम नाही. फोन आला की पहिला प्रश्न, 'सानवी दूध प्यायली ना?' शिकल्यासवरल्या बाईचा हा हेकटपणा त्यांना मुळीच खपत नव्हता, आणि आज तर कळसच झाला.

"जावईबापू, मी एमनेम, उगाच बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईचं हे असंच चालायचं असेल, तर संयोगिताला मी सासरी छाणीला पाठवायची नाही. सव्वा महिन्यानं नाही नि सहा महिन्यांनीही नाही. या पोरीच्या बाबतीत मला विषाची परीक्षा नको."

"मम्मी, तुम्ही आधी बसा," वरद म्हणाला. "आईचं आजोळ... म्हणजे माझं आजोळ, भोपाळचं. कारखान्याच्या अगदी जवळ घर. आजी गेली त्या गॅसमध्ये. म्हणून आमच्याकडे मिरची भाजत नाहीत. छाणीत बाजव्याकडून रिफायनरीचा वास आला की आई खिडक्या लावत सुटते."

"त्याला चाळीस वर्षं होऊन गेली की हो!"

विजयमालाबाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण राग काही उतरेना. मनगट अजून चुरचुरत होतं.

मोहनाबाई खाली बसून सांडलेली मोहरी गोळा करू लागल्या. मान वर न करताच बोलल्या.

"त्या दिवशी तिन्हीसांजेला आईनं अशीच दृष्ट काढली होती. मूठभर मिरच्या टाकल्या शेगडीत, पण कोणाला ठसका म्हणून लागला नाही. आई म्हणाली, बघ, केवढी दृष्ट लागली होती पोरीला. रात्री मला जाग आली ती ठसक्यानं. वाटलं, शेगडीत एखादी मिरची राहिली असेल, ती आत्ता जळतेय. उठून हात लावला तर शेगडी गार. मग रस्त्यावरून माणसं धावल्याचा आवाज आला."

"पोरीला?" विजयमालाबाई म्हणाल्या. "कोणाच्या पोरीला?"

"माझ्या. बाळंतपणाला माहेरी गेले होते मी."

"आई?" वरद पुढे आला.

"तुझ्या बाबांनी पुन्हा कधी विषय काढू दिला नाही रे. त्यांनी तर तिला पाहिलंही नव्हतं."

वरद आईशेजारी सतरंजीवर बसला. मोहरी गोळा करायला त्याने हात पुढे केला, पण ते दाणे त्याच्या चिमटीत येईनात. संयोगिताने बाळाला पदराखाली घेतलं.

"नाव काय होतं तिचं, आई?" संयोगिताने विचारलं.

मोहनाबाईंचा हात थांबला.

"बारसं दुसऱ्या दिवशी होतं ग. मी मनात ठरवून ठेवलेलं, एकदा ओठांवरसुद्धा आलं, तर आई रागावली. म्हणाली, उद्या घे की हवं तेवढं. मग राहिलंच. पुढे सगळे विचारायचे, काय नाव होतं? काय सांगायचं मी? आता तर ते मनातलंही आठवत नाही बघ."

त्या रडल्या नाहीत. विजयमालाबाईंनाच भरून आलं. पदराने डोळे टिपत त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे डबे वाजले. परत आल्या तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती.

मोहनाबाईंची नजर त्या मुठीवर खिळली. विजयमालाबाईंनी मूठ त्यांच्यापुढे उघडून दाखवली. मीठ होतं, मोहरी होती, बास.

मग त्या बाजेपाशी गेल्या आणि पोरीवरून हात फिरवू लागल्या.

"आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची," त्या पुटपुटल्या. तिसऱ्या फेरीला क्षणभर अडखळल्या, विहिणीकडे पाहिलं आणि गॅलरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दृष्ट निघू दे आमच्या सानवीची!"