दिलं म्हणालात ना, काका

घालियाला विश्रांती हवी असली की तिच्याभोवतीच्या माणसांची धावपळ सुरू होते. या वेळी विश्रांतीसाठी तिनं सूर गावच्या किनाऱ्यावरचं खलफान काकांचं छोटेखानी हॉटेल निवडलं. निवडलं असं ती म्हणते. सुचवलं आमच्या तिसऱ्या मैत्रिणीनं, झुवैनानं होतं, कारण खलफान हे तिचे सख्खे काका, आणि तिचं त्यांच्याकडे काम होतं.

झुवैनाला हमूदशी लग्न करायचं होतं. वडील वारल्यापासून तिच्या निकाहाला होकार देण्याचा हक्क काकांकडे होता, आणि काका होकार देत नव्हते. हमूद तांत्रिक महाविद्यालयात शिकवतो, सभ्य आहे, पण त्याचं घराणं काकांच्या घराण्याच्या पंगतीला बसणारं नाही. कोर्टात जाता आलं असतं. पण झुवैनाची आई काकांच्याच घरी राहते. काकांना कोर्टात खेचलेली मुलगी आईला भेटायला कुठल्या तोंडानं जाणार?

हॉटेल म्हणजे पूर्वीचं मासळीचं गोदाम. ज्या आकड्यांना सुकवलेला शार्क टांगत, त्यांना आता पांढरे टॉवेल टांगले आहेत. स्नानगृहाच्या दारावर ‘पुरातन क्षारांचं स्नान’ असं लिहिलं आहे. ते पाणी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या आमच्या कारखान्यातून येतं. त्यात क्षार राहू नयेत म्हणूनच तर मला तिथल्या प्रयोगशाळेत पगार मिळतो.

“नसरा, जरा सैल सोड ना स्वतःला,” घालिया गादीवर लोळत म्हणाली. “तुला बघूनच माझा ताण वाढतो.”

“मी नुसती खुर्चीत बसलेय.”

“तेच ते! खुर्चीतसुद्धा ड्युटीवर असल्यासारखी बसतेस.”

झुवैना खिडकीशी उभी होती. “पुतणी म्हणून विचारलं की ते मला उठवून लावतात,” ती मला हळूच म्हणाली. “आज पाहुणी म्हणून विचारणार आहे. कप खाली ठेवून.”

आमच्याकडे पाहुण्यानं यजमानाची कॉफी न पिता समोर ठेवली, की त्याचं काही मागणं असतं. यजमान ‘दिलं, पी’ म्हणेपर्यंत तो कप उचलत नाही. चारचौघांत पाहुण्याची कॉफी गार होऊ देणाऱ्या यजमानाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

संध्याकाळच्या नमाजाला अजून अवकाश होता तेव्हा आम्ही तिघी मजलिशीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत, जाऊन बसलो. दारावर ‘अस्सल मजलिस’ अशी पाटी होती. आत एक डॅनिश जोडपं मांडी घालायची धडपड करत होतं. कोपऱ्यात शेजारचे अबू माजिद होते, एके काळी गलबताचे नाखवा, हल्ली फुकटच्या हलव्याचे. काकांनी कमरेला चांदीचा खंजीर लावला होता. पूर्वी तो ईदला निघायचा. आता परदेशी पाहुणे आले की रोज निघतो.

काकांनी स्वतः कॉफी ओतली. पहिला कप घालियाला दिला. तिनं तो गालिच्यावर ठेवला, शेजारी खजूर ठेवला, खजूर जरा तिरका केला आणि फोन काढला.

काकांचा किटलीचा हात थबकला. अबू माजिदांनी हलवा खाली ठेवला.

“बोल पोरी,” काका गंभीरपणे म्हणाले. “काय मागणं आहे?”

“अं?” घालियानं मान वर केली नाही. “हां, काका, उद्या खोली दुपारी सोडली तर चालेल का हो? मला सकाळी उठवत नाही.”

काका इतके हसले की पोटावरचा खंजीर हलायला लागला. “दिलं! पी!”

डॅनिश जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. घालियानं आणखी काही फोटो काढून मग कॉफी प्यायली.

ज्या रिवाजानं आमच्या आजोबांच्या पिढीत खुनाची वैरं मिटली, तो या बाईनं झोपेवर उधळला होता. झुवैनाचा चेहरा उतरला. आता तिनं कप ठेवला असता तर ती दुसरी गंमत झाली असती.

तरी तिनं ठेवला. थोडी कॉफी गालिच्यावर सांडली.

काकांचं हसू अजून ओसरलं नव्हतं. “तू पण? आजकालच्या पोरींना सकाळ कशी असते तेच ठाऊक नाही! दिलं बाई, तुलाही दिलं. पी, गार होईल.”

झुवैनानं त्यांच्याकडे पाहिलं. कप उचलला आणि तळाशी थेंब न ठेवता प्यायली.

“अल्लाह तुमची भरभराट करो, काका. हमूद गुरुवारी वडिलांना घेऊन येईल.”

“काय? अगं, मी खोलीचं म्हणत होतो!”

“मी खोलीचं नाव तरी काढलं का?”

“हे हॉटेल आहे पोरी! इथे कॉफी बिलात धरलेली असते. इथे कसलं आलंय मागणं न् फिगणं!”

मी सहसा मधे बोलत नाही. “मग दारावरची पाटी उतरवायला हवी, काका.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या नळाला मीच खारं पाणी सोडलं होतं.

“खलफान,” अबू माजिद बोटं पुसत म्हणाले, “तू दिलं म्हणालास. मी ऐकलं.”

“तुम्हाला ऐकू कमी येतं!”

“येतं ना. पण तू फार मोठ्यानं बोललास.”

डॅनिश बाईनं काळजीनं विचारलं, सगळं ठीक आहे ना? काकांना उत्तर देणं भाग होतं. रागावावं तर पाहुण्यांसमोर, शब्द फिरवावा तर अबू माजिदांसमोर, आणि कमरेला तो खंजीर. ते हसले. इतकं महागडं हसू मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

“गुरुवारी नको,” ते शेवटी म्हणाले. “गुरुवारी हॉटेल भरलेलं आहे. शुक्रवारी, नमाजानंतर.”

झुवैना उठली आणि चपला न घालताच वाळूवर धावत गेली. तिथे फोन नीट लागतो.

“बघितलंस?” घालिया माझ्या कानाशी म्हणाली. “मी आधी वातावरण हलकं केलं म्हणून जमलं. तू नुसती ताठ बसून होतीस.”

तिला झुवैनाचा बेत माहीतही नव्हता. मी उत्तर शोधलं. कारण आणि परिणाम नीट लावून पाहिले, दोनदा पाहिले. तिचं म्हणणं बरोबर निघालं. याचा मला आजही राग येतो.

बाहेरून झुवैनाचा आवाज येत होता. “अरे, थट्टा नाही करत! हमूद, ऐक तरी! शुक्रवारी!”