भाताला 'अ' लागत नाही

माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळं करते ती भाषा, असं मोठमोठे विद्वान सांगून गेले आहेत. असेल. वस्तादांना मात्र ती त्यांच्या राहत्या खोलीपासून वेगळं करायला निघाली होती.

वस्ताद म्हणजे इस्पितळाच्या कँटीनचे मुख्य स्वयंपाकी. खोली कँटीनच्या मागच्या अंगाला, भांडी घासायच्या मोरीला लागून. एक दार, एक खिडकी आणि खिडकीतून अखंड येणारा कांद्याचा वास. याच खोलीत त्यांचा संसार झाला, मुलगी मोठी होऊन सासरी गेली. खोली नोकरीबरोबर मिळालेली, त्यामुळे नोकरीबरोबर जाणार हे ओघानंच आलं. आणि नोकरी जायच्या बेतात होती. कँटीन नव्या कंपनीनं चालवायला घेतलं होतं.

कंपनीचा साहेब आला, हातमोजे घालून त्यानं कढईला हात लावला आणि जाहीर केलं, की इस्पितळात आता परदेशी पाहुणे उपचाराला येणार, तेव्हा कँटीनमधल्या प्रत्येकाची इंग्रजीची तोंडी परीक्षा होईल. विषय, खाण्याचे पदार्थ. जो नापास होईल त्यानं सामान आवरावं.

"स्वयंपाक चाखून नाही बघणार?" वस्तादांनी विचारलं.

"स्वयंपाक काय हो, कुणालाही येतो," साहेब म्हणाला. त्याला स्वतःला चहासुद्धा येत नव्हता, पण परीक्षा त्याची नव्हती.

वस्तादांच्या बायकोनं त्याच संध्याकाळी भावाला बोलावून घेतलं. भाऊ शिकवणीच्या वर्गात इंग्रजी शिकवायचा. त्याला घरीदारी सगळे 'सर' म्हणत, सख्खी बहीणसुद्धा. सर पलंगावर मांडी घालून बसले. बहिणीनं समोर एक अंडं, एक केळं, कांदा आणि वाटीभर भात मांडून ठेवला होता.

"भावोजी, एकदम सोपं आहे. जे मोजता येतं, त्याच्या आधी 'अ' किंवा 'ॲन'. जे मोजता येत नाही, त्याला काही नाही. ते उघडंच जातं. अंडं, ॲन एग. केळं, अ बनाना. भात, नुसतं राइस. भात मोजता येत नाही."

वस्तादांनी मेहुण्याकडे रोखून पाहिलं. "भात मोजता येत नाही?"

"नाही."

"मग मी इतकी वर्षं तिथं काय करतोय? दोन भात, चार भात, अर्धा भात. माझा भात कधी चुकलेला ऐकलायस?"

"तुम्ही ताटं मोजता, भावोजी."

"ताटं मोरीत असतात. मी भात मोजतो."

वस्तादांचंही खोटं नव्हतं. कँटीनची एक शिस्त होती. गल्ल्यावरचा माणूस ऑर्डर ओरडे, "दोन भात, एक सूप, एक मीठ कमी!" आणि वस्तादांनी ती आतून शब्दन् शब्द तशीच परत ओरडायची. ऑर्डर परत आल्याशिवाय पळी हलायची नाही. एकाचं बिनमिठाचं जेवण दुसऱ्याच रुग्णाच्या पोटात जाऊ नये म्हणून ही पद्धत. त्या आरोळीत मीठसुद्धा नगावर मोजलं जाई.

"बरं, कांदा घ्या," सरांनी विषय बदलला. "अख्खा असला तर ॲन अनियन. चिरून सूपात पडला की नुसताच अनियन."

"आणि कोंबडी?"

"हिंडती-फिरती असली तर अ चिकन. तुकडे होऊन ताटात आली की 'अ' गेला."

"म्हणजे मेल्यावर तिची मोजदाद बंद?"

"तसं समजा."

"माणसांचंही असंच असतं का रे?"

"तो वरच्या इयत्तेचा भाग आहे," सर म्हणाले.

"अहो, नसत्या चौकशा कशाला?" बायको कडाडली. "तो सांगतोय ते घोका. इथं डोक्यावरचं छप्पर चाललंय आणि तुम्ही कोंबडीचा शोक करताय!"

वस्तादांनी घोकलं. डाळ निवडताना घोकलं, कणीक मळताना घोकलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की इंग्रजी आलं नाही आणि हातातलं काम जाऊ लागलं. गल्ल्यावरून "दोन भात!" अशी आरोळी आली की ते अडत. भाताला दोन म्हणायचं कसं? भात तर मोजता येत नाही. ऑर्डर परत जाईना, पळी हलेना, रांग दारापर्यंत जाई.

"वस्ताद, दातखीळ बसली का?" गल्लेवाला ओरडे. "आजारी माणसं आहेत हो, तुमचं व्याकरण होईपर्यंत बरी होऊन घरी जातील!"

साहेब काचेपलीकडून हे पाहत होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी वस्ताद खोलीवर आले, तर बायकोनं फळीवरची भांडी खाली काढून चादरीत बांधायला घेतली होती.

"हे काय?"

"धूळ बसते."

"चादरीत बांधल्यावर बसत नाही?"

तिनं गाठ करकचून मारली.

"जायचं कुठं पण?" वस्तादांनी शेवटी विचारलं. "मुलीकडे?"

"तिच्या सासूच्या हाताखाली? त्यापेक्षा रस्त्यावर राहीन."

"सरांकडे?"

"त्याच्या घरात त्याची बायको त्यालाच जेमतेम ठेवून घेतेय." तिनं वाटीतला भात त्यांच्यासमोर सरकवला. "एकदा बरोबर म्हणा. माझ्यासाठी. हे काय आहे?"

वस्तादांनी भाताकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्या कशाकडे एवढं पाहिलं नव्हतं.

"अ राइस," ते म्हणाले.

बायको गाठोड्यावर बसली आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. वस्तादांनी तिच्या पाठीवर हात ठेवायला हात पुढं केला, हाताला कांद्याचा वास येतो म्हणून मागं घेतला आणि भात खाऊन टाकला.

परीक्षा साहेबाच्या खोलीत होती. टेबलापलीकडे परीक्षक बाई, बाजूला साहेब. बाई गिऱ्हाईक होणार, वस्तादांनी उत्तर द्यायचं. बाईंनी हसून इंग्रजीत ऑर्डर दिली, "सम राइस, ॲन एग, अ बनाना अँड अ बोल ऑफ सूप, प्लीज."

वस्तादांच्या डोक्यात अंडी, केळी आणि 'अ' गेलेल्या कोंबड्या एकदमच उडाल्या. जीभ टाळूला चिकटली. साहेबानं घड्याळाकडे पाहिलं. वस्तादांना ती चादरीची गाठ दिसू लागली.

या माणसाला कमी ऐकू येत असावं, असं वाटून बाईंनी तीच ऑर्डर पुन्हा दिली. या वेळी चांगली ओरडून.

त्या ओरडण्यानं काम केलं. वस्तादांच्या छातीतून, त्यांना न विचारताच, आवाज निघाला, "सम राइस, ॲन एग, अ बनाना अँड अ बोल ऑफ सूप, प्लीज!" शब्दन् शब्द. टेबलावरचा कप थरथरला.

बाई चमकल्या. त्यांनी दुसरी ऑर्डर दिली. तीही तशीच परत आली. मग तिसरी, पाव आणि लोण्याची. कुठंही 'अ' जास्त नाही, कुठंही कमी नाही.

"थँक यू," बाई म्हणाल्या.

"थँक यू!" वस्ताद गरजले.

उच्चार ठीक, आर्टिकल निर्दोष, गिऱ्हाइकाची ऑर्डर पडताळून घेण्याची सवय वाखाणण्याजोगी, असा शेरा बाईंनी दिला. सगळ्या कँटीनमध्ये वस्ताद पहिले आले.

"शिकवण्याची पद्धत असते एकेकाची," सर म्हणाले आणि बहिणीकडे जेवायलाच थांबले. बहिणीनं गाठ सोडायला घेतली. ती इतकी घट्ट बसली होती, की शेवटी चादर कापावी लागली. वस्ताद दारात उकिडवे बसले होते. मेहुणा जवळ आल्यावर ते हळूच म्हणाले, "मला अजून काहीच कळलेलं नाही रे."

"ते कुणाला बोलू नका," सर म्हणाले.

खोली राहिली. महिना बदलला तसं कँटीन नव्यानं उघडलं. गल्ला आता काढून टाकला आहे. ऑर्डर दारातल्या यंत्रावर देतात. यंत्राच्या बटणांवर पदार्थांची चित्रं आहेत.